प्राजूबरोबर आत कोण जाणार?

प्रसूतिगृहाच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपणहून चपला काढून आत येतात, नंबर घेतात आणि बाकावर बसतात. बारावीनंतर काही वर्षांनी मी या कामाला लागले, ती अजून तिथंच आहे. नावं पुकारायची, फाइल आत द्यायची आणि नातेवाइकांना बाहेर थांबवायचं, एवढंच माझं काम. पण लोक काय करतील याचा अंदाज मला अजूनही येत नाही. रोज कशानं तरी धक्का बसतोच. आमच्या भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात, "तुला सवय कशी होत नाही गं?" नाही होत. त्यात गेल्या वर्षी घरच्याच लेकीला दिवस गेले होते. म्हणजे दिवसभर दवाखान्यातले धक्के आणि घरी गेल्यावर घरचे!

*

आधी दवाखान्यातला एक सांगते, म्हणजे आमच्याकडे डॉक्टर कसे निवडतात ते कळेल.

शिवाजी पेठेतले एक आजोबा सुनेचं नाव घालायला आले. सून शेजारीच बसलेली, पोट एवढं पुढं आलेलं, हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन वारा घालून घेत होती. साधारण लोक विचारतात, डॉक्टर बाई आहेत का, नॉर्मल करतात का, सीझरची घाई करत नाहीत ना. आजोबांनी विचारलं, "ह्यो दवाखाना कुठल्या पेठेत धरायचा?"

मी पत्ता सांगितला. त्यांचा चेहराच उतरला. आमच्या दारासमोरचा रस्ता म्हणजे पेठेची हद्द, आणि आम्ही नेमके पलीकडच्या बाजूला. ज्या पेठेच्या टीमशी यांच्या टीमचं फुटबॉलच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या पटत नाही, तीच ही पेठ.

"डॉक्टरीणबाई चांगल्या हायत, ऐकून हाय मी," ते म्हणाले, "पर नातवंड जन्मानं त्यांचं व्हायचं. उद्या मॅच असली म्हंजे त्येनं ओरडायचं कुणाकडनं?"

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. सून बिचारी मान खाली घालून बसली होती. शेवटी आमच्या मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की लेबर रूमची खिडकी तुमच्या पेठेकडं उघडते. आजोबा रस्त्यावर जाऊन, मान वर करून खिडकी बघून आले, आणि मगच त्यांनी नाव घातलं.

मुलगी झाली. आजोबा पेढे घेऊन आले. मी अभिनंदन केलं, तर माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "खिडकी उघडी हुती न्हवं?"

*

आता घरचं. आमची प्राजक्ता, म्हणजे प्राजू, कागलला दिली आहे. जावई संदीप कारखान्यात नोकरीला. व्याही शेती बघतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. विहीणबाईंचं माहेर कर्नाटकच्या हद्दीजवळचं. बोलणं मोठ्यानं आणि मधेच "यव्वा!" मनानं फार चांगल्या, पण घरात त्यांचा शब्द शेवटचा. अण्णांचा पहिलासुद्धा नसतो.

सातवा महिना सरला तशी प्राजूला झोप लागेना. उताणं झोपलं की धाप लागायची, उजवीकडं वळलं की छातीत जळजळ. आमच्या मॅडमनी तिला सांगितलं, डाव्या कुशीवर झोप, एक उशी गुडघ्यांत घे, एक पोटाखाली. साधी गोष्ट. मी तसं विहीणबाईंना कळवलं आणि निर्धास्त झाले.

थोड्या दिवसांनी प्राजूचा फोन. "आई, घरात कॉट फिरतीय."

झालं होतं असं. कॉटची उशी दक्षिणेला. डाव्या कुशीवर वळलं की प्राजूचं तोंड पश्चिमेला आणि पाठ पूर्वेच्या भिंतीला, आणि तिथं देव्हारा. गरोदर बाईनं देवाला पाठ दाखवायची? विहीणबाईंनी अण्णांना कॉट फिरवायला लावली. आता डोकं उत्तरेला गेलं. तसं तर मेलेल्या माणसाला ठेवतात! पुन्हा फिरवली. डोकं पूर्वेला केलं तर डाव्या कुशीवर तोंड दक्षिणेला, म्हणजे यमाकडं. उरली पश्चिम. तिकडं डोकं केलं की पाय थेट देवाच्या तोंडावर.

चारही दिशा संपल्या होत्या. म्हटलं, मग गं? आता कशी झोपतेस?

"आता बरी झोपते," प्राजू म्हणाली. "अण्णांनी काल गवंडी बोलवला. देव्हारा समोरच्या भिंतीवर नेला."

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मग म्हणाल्या, "बरं झालं मी उजवी-डावी आलटून-पालटून नाही सांगितलं."

*

आठव्या महिन्यात प्राजू माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात चर्चा नव्हती. आणि माहेरी म्हणजे आमच्याच दवाखान्यात, यातही माझ्या मनात चर्चा नव्हती. आमच्या मालन सिस्टरनी तर कोपऱ्यातली, खिडकीजवळची कॉट मनातल्या मनात तिच्या नावावर केली होती.

संध्याकाळी मी तिचे पाय चेपत बसले होते. सुजले होते, मॅडमनी बीपी बघून काळजीचं काही नाही असं सांगितलं होतं. प्राजू म्हणाली, "आई, तुझ्या दवाखान्यात नको."

मला वाटलं, लाजतीय. सगळे ओळखीचे, मालन सिस्टरनी तिला फ्रॉकमध्ये बघितलेली. म्हटलं, अगं, ओळखीची माणसं असली की बरंच पडतं.

"तसं न्हाय. तुमच्याकडं पुरुषांना आत घेत नाहीत. मला आत संदीप पाहिजे."

माझा हात तिच्या पायावरच थांबला. आयुष्यभर मी ज्या दारापुढं उभी राहून पुरुषांना सांगत आले, 'पावणं, बाहेर बसा', त्या दारातून जावई आत? आमच्याकडं जमण्यासारखंही नव्हतं. एका खोलीत दोन टेबलं, मध्ये पडदा. पडद्यापलीकडं दुसऱ्याची बायको असते, तिनं काय करायचं?

मी म्हटलं, मी असेन की तुझ्याजवळ, आई असताना नवरा कशाला?

"तू असलीस की मी रडणार," प्राजू म्हणाली. "तो असला की मी भांडणार. मला भांडून बरं वाटतं."

मी दुसरा पाय चेपायला घेतला.

*

विहीणबाईंना हे सांगायचं कुणी, यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी संदीपनंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कागलहून हजर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या घरात बाप्या माणूस बारा दिवस बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही, आणि हा बाळंतपणातच आत जाणार? लोक काय म्हणतील, ते नंतर. पोरगा चक्कर येऊन पडला तर?

पण सून ऐकेना म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "चला, बघू तरी कोण डॉक्टर आत घेतोय ते." त्यांना खात्री होती की कुणीच घेणार नाही.

आधी एका मोठ्या, काचेच्या हॉस्पिटलात गेलो. टाय लावलेल्या एका मुलानं आम्हाला खोली दाखवली. सोफा, टीव्ही, बाळाच्या पायाचे ठसे घ्यायची सोय, घरी जाताना केक. मला माझ्या दवाखान्यातले बाक आठवले. प्राजूनं विचारलं, नवऱ्याला आत घेता का?

"घेतो ना, मॅडम. व्हिडिओ शूटिंगपण पॅकेजमध्येच आहे."

विहीणबाई सोफ्यावरून उठल्या. "कशाचं शूटिंग?"

त्या मुलानं नको तितक्या उत्साहानं सांगितलं, कशाचं.

"यव्वा!" एवढंच म्हणून विहीणबाई जिन्याकडं निघाल्या. त्यांना लिफ्टसुद्धा दिसली नाही. प्राजू मात्र जागेवरून हलली नाही. तिनं शांतपणे विचारलं, बाळंतपण कोण करणार? तो म्हणाला, त्या वेळी जे डॉक्टर अव्हेलेबल असतील ते.

मग प्राजूही उठली. खाली गाडीत बसल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "एवढं मात्र बरोबर विचारलंस बाई." सासूनं सुनेची बाजू घेतलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

*

मधे डोहाळजेवण झालं. आमच्या ह्यांनी हौसेनं मंडपवाल्याकडनं फुलांचा झोपाळा भाड्यानं आणला. मागं चंद्रकोर, बाजूला धनुष्यबाण, खाली जाड गादी, पाठीला लोड. प्राजूला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून त्यात बसवली. गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला लागल्या. दुसरं गाणं संपलं आणि बघतो तर काय, उत्सवमूर्ती झोपलेली! लोडाला टेकून, पाय चौरंगावर, तोंड थोडं उघडं. कितीतरी दिवसांत एवढी गाढ झोपली नव्हती. छातीत जळजळ नाही, पाठ दुखत नाही, वर हलका झोका.

कुणी उठवेना. बायकांनी तशीच ओटी भरली. नाव घ्यायला सांगितलं तेव्हा संदीपनंच तिचं नाव घेतलं आणि वेळ निभावून नेली.

त्या दिवसापासून प्राजू झोपाळा सोडेना. रात्रीची झोप तिथंच, दुपारची तिथंच. मंडपवाला न्यायला आला, त्याला चहा पाजून परत पाठवला. पुन्हा आला, तेव्हा म्हणाला की पुढच्या डोहाळजेवणाचं बुकिंग आहे, त्या लोकांना काय सांगू? मी म्हटलं, संध्याकाळी दवाखान्यातनं येते, मग बघू.

संध्याकाळी दार उघडलं आणि दारातच उभी राहिले. झोपाळ्यात दोघीजणी झोपल्या होत्या. एक आमची प्राजू. दुसरीला मी जन्मात कधी बघितलं नव्हतं, आणि तिचंही पोट तेवढंच. बाजूच्या खुर्चीवर एक अनोळखी सासूबाई पानाला चुना लावत बसलेल्या.

त्या म्हणाल्या, "झोपाळा न्यायला आलतो आम्ही. ही म्हणाली, जरा टेकून बघतो. तवापासनं हालंना."

त्यांचं डोहाळजेवण शेवटी आमच्याच माजघरात झालं.

*

नववा लागला तरी डॉक्टर ठरला नव्हता. एक वयस्कर डॉक्टर बघितले. त्यांनी नवऱ्याला आत घ्यायला साफ नकार दिला. त्यांच्याकडं म्हणे एक पैलवान बायकोसोबत आत गेला होता आणि सलाइनची सुई बघूनच आडवा झाला. बाळंतीण राहिली बाजूला, सगळा स्टाफ पैलवानाभोवती. त्याला उचलायला तालमीतली पोरं बोलवावी लागली. विहीणबाईंनी ही गोष्ट अशा समाधानानं ऐकली, की डॉक्टरांनी ती त्यांच्यासाठीच सांगितली असावी.

इकडं मला एक वेगळंच ओझं. लेक आमच्याकडं येणार नाही हे मॅडमना सांगायचं कसं? इतकी वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्याच हाती पोरीला सोपवायचं नाही म्हणजे त्यांना काय वाटेल? शेवटी ओपीडी संपल्यावर केबिनमध्ये गेले आणि उभ्यानंच सांगून टाकलं. रडायला यायचं बाकी होतं.

मॅडमनी चष्मा काढला. "वहिनी, मी तरी माझ्या दवाखान्यात कुठं बाळंत झाले?"

मी समोरच्या खुर्चीत बसले.

"ज्यांच्यावर रोज ओरडते, त्या सिस्टरांसमोर किंचाळायचं? मी सांगलीला गेले होते." मग त्यांनी चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एक डॉक्टर, लहानसं हॉस्पिटल, पण प्रत्येक बाईला वेगळी खोली. दारापर्यंत गेले तेव्हा मॅडम मागून म्हणाल्या, "सांगलीला मी किंचाळले मात्र नाही. चावले."

कुणाला, ते विचारायचा माझा धीर झाला नाही.

*

या डॉक्टर बाई प्राजूपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी आधी प्राजूला तपासलं, बाळाचं डोकं खाली आहे म्हणाल्या. कसं झोपतेस विचारलं. झोपाळ्यात, असं ऐकल्यावर हसल्या नाहीत. पाय लोंबकळू देऊ नको, एवढंच म्हणाल्या. रात्री-अपरात्री मीच येईन, आणि मी गावाला गेले तर कोण येईल त्यांनाही आजच भेटवते, असं सांगितलं. कधी सीझर करावं लागतं, कधी नाही, तेही न विचारता समजावलं. प्राजूचे खांदे खाली आलेले मला दिसले.

मग प्राजूनं तिचा तो प्रश्न विचारला. विहीणबाई खुर्चीत पुढं सरकल्या.

डॉक्टर प्राजूला काही बोलल्या नाहीत. त्या संदीपकडं वळल्या. "तुम्हाला यायचंय का?"

मला असा धक्का बसला म्हणून सांगू! महिनाभर आम्ही भांडत होतो. त्याला आत न्यायचं की नाही, त्याच्या आईला काय वाटेल, माझ्या मॅडमना काय वाटेल. तो बिचारा प्रत्येक वेळी गाडी चालवत होता. आणि त्याला स्वतःला यायचंय का, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नव्हतं. प्राजूनंसुद्धा नाही!

संदीपनं आधी आईकडं बघितलं, मग बायकोकडं, मग जमिनीकडं. "मला लई भ्या वाटतंय," तो म्हणाला.

"बघा!" विहीणबाई म्हणाल्या.

"मग या," डॉक्टर म्हणाल्या. "भीती वाटत नाही म्हणणारेच आडवे होतात."

प्राजूनं तिथंच नाव घातलं.

*

प्राजूला सकाळी स्वयंपाकघरातच कळा सुरू झाल्या. दुपारी जेवायच्या वेळेला आम्ही त्या हॉस्पिटलच्या बाकावर होतो. मी, विहीणबाई, आणि मागं चहाचा थर्मास घेऊन उभे असलेले अण्णा. संदीप आत. काउंटरवरच्या मुलीनं मला सांगितलं, "काकू, बाहेरच बसा हं." मी बसले. ते वाक्य बाकावर बसून ऐकायला कसं वाटतं, ते मला कधी ठाऊकच नव्हतं.

आतून आवाज येत होते. प्राजू खरंच भांडत होती. "हात सोड!" मग लगेच, "कुठं चाललास? हात धर!" विहीणबाई दाराकडं बघत पुटपुटल्या, "मारतीय काय की माझ्या पोराला." एकदा आत काहीतरी धातूचं खणकन पडलं. आम्ही दोघी एकदमच उठलो आणि एकदमच बसलो. विहीणबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. कधी धरला, ते दोघींनाही कळलं नव्हतं. अण्णांनी चहा ओतून पुढं केला, तो कुणी घेतला नाही. त्यांनी पुन्हा थर्मासमध्ये ओतला.

मग बराच वेळ प्राजूचा आवाज आलाच नाही. इतक्या वर्षांत मी हजार वेळा नातेवाइकांना म्हणाले असेन, 'काळजी करू नका, आवाज नाही म्हणजे सगळं ठीक असतं.' तेच मला स्वतःला सांगता येईना.

आणि बाळ रडलं.

काही वेळानं दार उघडून संदीप बाहेर आला. केस ओले, शर्टाची दोन बटणं तुटलेली, मनगटावर नखांचे लाल ओरखडे. पण दोन्ही पायांवर उभा. "दोघी बऱ्या हायत," असं माझ्याकडं बघून म्हणाला. आवाज फाटलेला. मग सरळ आईपाशी गेला, तिच्या पायाशी फरशीवरच बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. विहीणबाईंनी त्याच्या ओल्या केसांवर हात ठेवला.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. "आई, माझ्या वेळंला पण असंच झालतं?"

"व्हय."

"आणि अण्णा कुठं हुतं?"

"पन्हाळ्याला गेलतं. मित्रासंगं."

आम्ही सगळ्यांनी मागं वळून बघितलं. अण्णा थर्मास छातीशी धरून उभे होते.

"पाऊस लागलता लई," ते खाली बघत म्हणाले. "रस्ता बंद हुता. म्हणून यायला जमलं न्हाय."

विहीणबाईंनी मान वळवली नाही. मुलाच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "उन्हाळा हुता."